पँडोराकडे पेटी नव्हती : मराठी बालपुस्तकांच्या प्रकाशक-संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठीत मुलांसाठी पुस्तकं काढणारे प्रकाशक, संपादक आणि अनुवादक यांस,

स. न. वि. वि.

सुट्टीच्या तोंडावर 'ग्रीक पुराणकथा' नावाचे संच पुन्हा दुकानांत आले आहेत. कव्हरं गुळगुळीत, चित्रं झगझगीत आणि पँडोराच्या हातात पुन्हा एकदा दागिन्यांची पेटी. तिला नक्षीदार कडी, आत मखमली अस्तर.

ग्रीक कथेतली ही पहिली स्त्री, तिने झाकण उघडलं आणि सगळी दुःखं जगात पसरली. पण ती पेटी नव्हतीच. इ. स. पू. ७०० च्या आसपास हेसिओद या ग्रीक कवीने ही गोष्ट रचली, तेव्हा त्याने 'पिथोस' हा शब्द वापरला. पिथोस म्हणजे धान्य, तेल, दारू साठवायचं मातीचं मोठं भांडं. कधी माणसाच्या उंचीचं, पुष्कळदा निम्मं जमिनीत पुरलेलं. सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच पंडिताने ही गोष्ट लॅटिनमध्ये सांगताना 'पिथोस'च्या जागी 'पिक्सिस', म्हणजे डबी, असं लिहिलं आणि तिथून युरोपभर पेटी झाली. इंग्रजीत तिची म्हणच होऊन बसली आहे, त्यांना आता ती सोडवत नाही. मराठीला काय अडचण आहे? आपल्याकडे रांजण आहे. पुरलेला रांजण कसा असतो, त्यावर झाकण कसं बसतं, हे गावाकडच्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय हेसिओद म्हणतो की सगळी दुःखं उडून गेली आणि आशा तेवढी भांड्याच्या ओठांखाली अडकून राहिली. रांजणाला ओठ असतो, काठ आत वळलेला असतो, त्याखाली काहीतरी अडकू शकतं. पेटीत ती कुठे अडकणार? मुलं हा प्रश्न विचारतात आणि पुस्तकात उत्तर नसतं.

आम्ही ग्रंथालयांत, शाळांत, सोसायट्यांच्या गच्च्यांवर मुलांना गोष्टी वाचून दाखवणारी माणसं आहोत. मूळ ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांशी आमची बऱ्यापैकी ओळख आहे. तुम्ही जे छापता ते आम्हाला मोठ्याने वाचावं लागतं, आणि मोठ्याने वाचताना पुस्तकाची प्रत्येक खोट कानाला लागते. हे पत्र तुम्हाला आहेच, पण पालकांनी आणि शिक्षकांनीही ते वाचावं म्हणून उघड लिहितो आहोत. मराठीत ग्रीक कथा नकोत असं आमचं मुळीच म्हणणं नाही. त्या नीट याव्यात एवढंच म्हणणं आहे.

पहिली तक्रार नावांची, आणि ती सगळ्यात मोठी आहे.

तुमची पुस्तकं इंग्रजीवरून होतात, म्हणून नावं इंग्रजी उच्चाराची येतात : अकिलीस, सर्सी, डिमीटर, पर्सिफनी, थीसिअस, डेडलस. रोमन लिपीत ग्रीक उच्चार मावत नाहीत म्हणून इंग्रजांनी तडजोड केली. त्या तडजोडीचं आपण देवनागरीत लिप्यंतर करतो, आणि देवनागरीत तर मूळ उच्चार जवळजवळ जसाच्या तसा मावतो! प्राचीन ग्रीकमध्ये त आणि थ, प आणि फ, क आणि ख असे वेगवेगळे वर्ण होते, अल्पप्राण आणि महाप्राण, अगदी आपल्यासारखे. 'पेर्सेफोने' या एका नावात प आणि फ दोन्ही आहेत. 'थेसेउस'मध्ये थ आहे, 'तेलेमाखोस'मध्ये त आणि ख. अखिल्लेउस, खारोन, देमेतेर, दाइदालोस, इकारोस : यात मराठी जिभेला न जमणारं काय आहे? उलट 'डिमीटर' म्हटलं की मुलांना जिन्याखालचं विजेचं मीटर दिसतं आणि धान्याची देवी हसण्यावारी जाते.

'क'चा 'स' करणं हा त्याहून वाईट प्रकार. ग्रीकमध्ये 'किर्के' आहे, इंग्रजीच्या नियमाने ती 'सर्सी' झाली. 'केर्बेरोस'चा 'सर्बेरस' झाला. 'सायक्लॉप्स' म्हणजे मुळात 'किक्लोप्स', गोल डोळ्याचा. त्यातला 'किक्लोस' म्हणजे वर्तुळ, चाक. आपला 'चक्र' शब्द त्याच मुळापासून आला आहे. (पहिला स्वर खरं तर इ आणि उ यांच्या मधला, तो मराठीत नाही, 'कि' लिहून भागतं.) आता 'सायक्लॉप्स' वाचून चक्र कोणाला आठवेल? सायकल आठवते. तीही त्याच शब्दावरून आली आहे, पण ते असो.

हर्क्युलस हे तर रोमन नाव. ग्रीक नाव हेराक्लेस, आणि त्याचा अर्थ 'हेरामुळे कीर्ती मिळालेला'. ज्या हेरा देवीने त्याचा पाळण्यापासून छळ केला, पाळण्यात साप सोडले, तिचंच नाव तो जन्मभर मिरवतो. देवनागरीत 'हेराक्लेस' लिहिलं की आठ वर्षांचं मूलसुद्धा त्यातली 'हेरा' बोटाने दाखवतं. 'हर्क्युलस'मध्ये ती सापडत नाही. एकाच पुस्तकात अर्धी नावं ग्रीक आणि अर्धी रोमन, म्हणजे पान दहावर 'पोसायडन' आणि पान चाळीसवर 'नेपच्यून', असंही सर्रास दिसतं. दोघे एकच आहेत हे सांगणारी ओळ कुठेच नसते.

सगळंच बदला असा हट्ट नाही. ग्रीस, अथेन्स, ट्रॉय, झ्यूस ही नावं मराठीत रुळली आहेत, ती राहू द्या. बाकीच्यांचा एक तक्ता करा आणि तो सगळ्या पुस्तकांत पाळा. पुस्तकाच्या मागे इंग्रजी रूपांची यादी द्या, म्हणजे पुढे इंग्रजीत वाचताना मूल अडणार नाही. विभक्तीचाही निर्णय एकदाच घ्या. 'सीता'चं 'सीतेने' होतं म्हणून 'अथेना'चं 'अथेनेने' करायचं की 'अथेनाने' ठेवायचं? आमच्या अनुभवाने 'अथेनाने' बरं. 'अथेने' ऐकलं की लहान मुलांना ती दुसरीच कोणी वाटते.

नावांचाच मुद्दा एका गोष्टीत तर जिवावर बेततो. होमर या ग्रीक कवीच्या 'ओदिस्सेइआ' महाकाव्यात ट्रॉयच्या युद्धाहून इथाका या आपल्या बेटाकडे परतणारा ओदिस्सेउस बारा सोबत्यांसह पोलिफेमोस या किक्लोप्सच्या गुहेत अडकतो. संध्याकाळी दोन, सकाळी दोन, पुन्हा संध्याकाळी दोन असे सहा जण तो राक्षस खातो. मग ओदिस्सेउस त्याला कडक दारू पाजतो, एका पेल्याला वीस पट पाणी घालून प्यायची ती दारू तशीच, बिनपाण्याची. राक्षस नाव विचारतो. ओदिस्सेउस सांगतो : 'ऊतिस', म्हणजे 'कोणीच नाही'. रात्री ऑलिव्हच्या लाकडाचं टोक निखाऱ्यात तापवून ते त्याचा एकुलता डोळा फोडतात. तो बोंब ठोकतो, शेजारचे किक्लोप्स गुहेबाहेर जमून विचारतात, काय झालं, कोण मारतंय? आणि तो जे ओरडतो त्यावर अख्खी गोष्ट उभी आहे.

मराठी पुस्तकांत इथे काय छापलेलं असतं? एकात 'माझं नाव नोबडी'. मग 'नोबडीने मला मारलं', आणि शेजारी परत जातात. का परत गेले, हे मुलाला कळत नाही; इंग्रजी न येणाऱ्याला तर मुळीच नाही. दुसऱ्यात 'कोणी नाहीने मला मारलं' असं आहे. त्या 'ने'ने विनोदाचा जीव गेला. प्रत्यय लागला की ते नाव आहे हे लगेच उघड होतं, आणि शेजाऱ्यांना फसायला जागाच उरत नाही.

उपाय साधा आहे. नावाला प्रत्यय लागू द्यायचा नाही आणि ते वाक्याच्या शेवटी ठेवायचं. 'मला मारणारा... कोणीच नाही! मला आंधळं करणारा कोणीच नाही!' राक्षस नाव सांगतोय, शेजाऱ्यांना वाटतं कोणीच मारत नाहीये. एकच वाक्य, अक्षरही न बदलता दोन अर्थांनी बरोबर. शेजारी म्हणतात, 'मग हे देवाने दिलेलं दुखणं असेल, तुझ्या बापाला साकडं घाल,' आणि झोपायला जातात. आधी ओदिस्सेउसच्या तोंडी 'माझं नाव कोणीच नाही. आई, बाप, सोबती, सगळे मला कोणीच नाही म्हणतात' हे यायला हवं, आणि त्यावर राक्षसाचं उत्तर थेट त्याच्याशी बोलणं म्हणून : 'कोणीच नाही? बरं, तुला सगळ्यांच्या शेवटी खाईन, ही माझी भेट.' 'कोणीच नाहीला शेवटी खाईन' असं लिहिलंत की पुन्हा प्रत्यय आला. अवतरणचिन्हं नकोत, मधे जोडरेघ नको, ठळक टाइप नको. इंग्रजीला ही सोय नाही, तिथे नावाचं पहिलं अक्षर मोठं लिहावं लागतं आणि वाचणाऱ्याला आधीच सुगावा लागतो. देवनागरीत मोठं-लहान अक्षरच नाही. वाचून दाखवताना 'मारणारा'नंतर एक श्वास थांबा. सात वर्षांची मुलं त्या जागी गडबडा लोळतात. मूळ ग्रीकमध्ये शेजाऱ्यांच्या उत्तरातही 'मेतिस', म्हणजे चातुर्य, या शब्दावर आणखी एक कोटी आहे. ती मराठीत येत नाही, सोडून द्यावी.

दुसरी तक्रार : शेवट कापू नका. हीच गोष्ट बहुतेक पुस्तकांत मेंढ्यांच्या पोटाखाली लटकून सुटका झाली की संपते. होमरमध्ये ती तिथे संपत नाही. जहाज किनाऱ्यापासून दूर गेल्यावर ओदिस्सेउसला राहवत नाही, तो उभा राहून ओरडून आपलं खरं नाव सांगतो, बापाचं नाव, गावासकट. नाव कळल्यामुळेच पोलिफेमोस आपल्या बापाला, पोसेइदोनला, नेमका शाप मागू शकतो. पुढची सगळी भटकंती त्या एका फुशारकीतून निघते. ट्रॉय ते इथाका सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर आहे. एवढ्याशा अंतराला दहा वर्षं का लागली, असं नकाशा पाहून मूल विचारतं, आणि ज्या परिच्छेदात उत्तर होतं तोच तुम्ही गाळलेला असतो.

थेसेउसचंही तसंच. मिनोतावरोस या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाला मारलं, राजकन्या अरिआद्नेने दिलेल्या दोऱ्याने भुलभुलैयातून बाहेर आला, टाळ्या. अरिआद्नेला त्याने नाक्सोस बेटावर सोडून दिलं, काळं शीड उतरवून पांढरं चढवायला विसरला, आणि मुलगा मेला असं समजून बापाने, आयगेउसने, जीव दिला, हे कुठे आहे? एजियन समुद्राचं नाव त्याच्यावरून पडलं असं ग्रीक सांगत. पेर्सेउसच्या गोष्टीत आजोबांचा मृत्यू गाळतात, जो त्याच्याच हातून, खेळात फेकलेल्या थाळीने होतो. ज्या भविष्यवाणीपायी आजोबांनी आई-लेकराला पेटाऱ्यात घालून समुद्रात सोडलं, ती खरी ठरते का, हे न सांगताच पुस्तक मिटतं. (पेटी हवीच असेल तर ती इथे आहे.)

यामागचं कारण आम्हाला ठाऊक आहे. संच परदेशातून चित्रांसकट येतो, छपाईत फक्त मजकुराची काळी प्लेट बदलते, मजकुराची चौकट ठरलेली असते. मात्रा-उकारांमुळे देवनागरीला दोन ओळींच्या मधे जास्त जागा लागते. मजकूर मावला नाही की शेवटची चार वाक्यं जातात, आणि नेमका तिथेच शेवट असतो. मग कापायचंच तर सुरुवातीचं वर्णन कापा. राजवाडा किती सुंदर होता हे नाही सांगितलं तरी चालतं.

तिसरी गोष्ट तात्पर्याच्या चौकटीची. इसापाच्या गोष्टी मराठीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून छापल्या गेल्या, तिथे तात्पर्य शोभतं. ती सवय तुम्ही मेणाने जोडलेल्या पंखांनी उडून समुद्रात पडलेल्या इकारोसलाही लावता. 'तात्पर्य : वडीलधाऱ्यांचं ऐकावं.' रोमन कवी ओविदने त्याच्या बापाच्या, दाइदालोसच्या, तोंडी दोन सूचना घातल्या आहेत : फार वर जाऊ नकोस, उन्हाने मेण वितळेल; आणि फार खालीही जाऊ नकोस, लाटांच्या तुषारांनी पिसं जड होतील. दुसरी सूचना मराठी पुस्तकांत जवळपास कधीच नसते, कारण ती तात्पर्यात बसत नाही. शिवाय ओविद लगेच पुढे सांगतो की इकारोसला पुरत असताना जवळच्या ओहोळातून एक तितर पंख फडफडवत आनंदाने ओरडलं. ते तितर म्हणजे दाइदालोसचा भाचा पेर्दिक्स. बारा वर्षांचा पोरगा, माशाच्या काट्यावरून त्याने करवत शोधून काढली, आणि मामाने जळफळाटाने त्याला अथेन्सच्या गडावरून ढकलून दिलं. अथेनाने त्याला पडता पडता पक्षी केलं. म्हणून तितर उंच उडत नाही, जमिनीलगत घरटं करतं. आता सांगा, कोणत्या वडीलधाऱ्याचं ऐकायचं?

हात लावेल ते सोनं व्हावं असा वर मागणाऱ्या मिदास राजाच्या गोष्टीतही तात्पर्यासाठी भर घातली जाते. मुलीला मिठी मारल्यावर ती सोन्याची झाली, हा प्रसंग ग्रीक नाही, रोमनही नाही. नथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकी लेखकाने १८५१ मध्ये मुलांसाठी गोष्ट लिहिताना तो घातला. गोड आहे, वाचायला हरकत नाही, पण त्यावर 'प्राचीन ग्रीक कथा' असा शिक्का नको. ओविदचा मिदास भाकरी तोडायला जातो तर ती दातांखाली धातू होते, आणि दारूत पाणी घालतो तर वितळलेलं सोनं घशाशी येतं. मुलांना तेवढं पुरेसं भीतिदायक आहे. शेवटी तो पाक्तोलोस नदीत अंघोळ करतो, म्हणून त्या नदीच्या वाळूत सोनं सापडतं. ही नदी आज तुर्कस्तानात आहे. आणि मिदासची दुसरी गोष्ट, गाढवाच्या कानांची, तुम्ही टाकूनच देता. राजाचं गुपित न्हाव्याच्या पोटात राहत नाही, तो खड्डा खणून त्यात पुटपुटतो, तिथे वेत उगवतात आणि वाऱ्याबरोबर सगळं बोलून टाकतात. राजाच्या डोक्यावरच्या शिंगांची हीच गोष्ट भारतात अनेक भाषांत सांगतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांना सुरुवात करून द्यायला हिच्याइतकी सोयीची ग्रीक गोष्ट नाही.

वयाचा मुद्दा इथेच घेतो. बहुतेक संच 'वय ८ ते १२' असा सरसकट शिक्का मारतात आणि पहिल्या पानावर खाओस, गाइआ, ऊरानोस अशी वंशावळ सुरू करतात. तिथे लगेच मुलगा बापावर विळा चालवतो, मग संपादक घाबरून ते धूसर करतात आणि पुढचं काहीच कळत नाही. वंशावळीने सुरुवात करू नका. एका बैठकीला पाचपेक्षा जास्त नवी नावं कानात राहत नाहीत. ज्याचं नाव पुन्हा येणार नाही त्याला 'राजा' म्हणा, 'म्हातारी' म्हणा. सहा ते आठ वयाला मोठ्याने वाचायची गोष्ट नऊशे-हजार शब्दांची हवी, म्हणजे आठ-दहा मिनिटं. मिदासचे कान, अराख्नेचा कोळी, पोलिफेमोस इथून सुरुवात. आठ-नऊनंतर पेर्सेउस, थेसेउस, हेराक्लेसची कामं. अकरा-बाराला ट्रॉय आणि ऑर्फेउस. मेदेइआ, ओइदिपूस चौदाच्या आधी नकोत.

झ्यूसचा बाप क्रोनोस पोरं गिळतो हे मात्र लहानांना बिनदिक्कत सांगा, त्यांना ते भारी आवडतं. पाच मुलं गिळतो, सहाव्याच्या जागी दुपट्यात गुंडाळलेला धोंडा गिळतो, आणि ओकतो तेव्हा शेवटी गिळलेला धोंडा सगळ्यात आधी बाहेर पडतो. तो धोंडा ग्रीसमधल्या देल्फीच्या देवस्थानात ठेवला होता. इ. स. दुसऱ्या शतकात तिथे गेलेला प्रवासी पाउसानिआस लिहितो की त्यावर रोज तेल ओततात. हे वाक्य मराठी मुलांपुढे वाचा आणि गप्प बसा. गावच्या वेशीवरचा तेलाने काळा झालेला दगड कोणी ना कोणी सांगतंच.

हेराक्लेसची कामं बारा का, हेही छापा. अपोल्लोदोरोस या ग्रीक लेखकाच्या ग्रंथानुसार ठरली होती दहा. हिद्रा या अनेक डोक्यांच्या सापाला मारताना भाच्याने माना डागायला मदत केली म्हणून कामं सांगणाऱ्या राजाने ते काम धरलं नाही, आणि नद्या वळवून गोठे धुतले तेव्हा मजुरी ठरवून घेतली होती म्हणून तेही धरलं नाही. दोन वाढीव. परीक्षेत मार्क कापले गेलेल्या मुलांना हे लगेच पटतं. आणि सिंह मारून आलेल्या हेराक्लेसला पाहून तो राजा इतका घाबरला की जमिनीत पुरलेल्या कांशाच्या पिथोसमध्ये लपायची त्याने सोय केली. म्हणजे पुन्हा रांजण! पँडोराच्या गोष्टीत पेटी आणि इथे हंडा छापलात तर हा धागा तुटतो. कामं करावी का लागली, तर वेडाच्या भरात त्याने स्वतःची मुलं मारली म्हणून. हे आठ वर्षांच्या मुलाला सांगायचं नसेल तर 'त्याच्या हातून फार मोठं पाप घडलं' एवढं लिहा आणि थांबा. 'राजाला त्याच्या शक्तीची परीक्षा घ्यायची होती' असं खोटं कारण नको.

हाच नियम पाताळाच्या राजाने, हादेसने, नेलेल्या पेर्सेफोनेला. 'हादेसला ती आवडली आणि त्याने तिच्याशी लग्न केलं' असं छापलेलं असतं. तिच्या आईच्या, देमेतेरच्या, प्राचीन स्तोत्रात ती किंचाळते आहे, रथात ओढून नेली जाते आहे, आणि बाप झ्यूस या कटात सामील आहे. रामायण ऐकलेल्या मुलांना 'पळवून नेली' हा शब्द ठाऊक आहे, तोच वापरा. वयाला झेपणार नाही असं वाटलं तर गोष्ट गाळा. बदलू नका. पाताळात तिने डाळिंबाचे दाणे खाल्ले म्हणून तिला दरवर्षी तिथे परतावं लागतं, त्या दाण्यांचंही असंच : स्तोत्रात दाणा एकच आणि वर्षाचा तिसरा हिस्सा पाताळात, ओविदकडे सात दाणे आणि सहा महिने. 'सहा दाणे, सहा महिने' ही मागाहून केलेली सोय आहे. आणि ती पाताळात असताना काही उगवत नाही असं गोष्ट सांगते, म्हणून ऋतूंबद्दल दोन ओळींची टीप द्या, नाहीतर मुलं विचारतात, यात पावसाळा कुठे गेला? ग्रीसमध्ये उन्हाळा कोरडा असतो, पाऊस हिवाळ्यात पडतो, गहू-जव शरदात पेरून उन्हाळ्याच्या तोंडाशी कापतात. शेतकऱ्याच्या मुलाला 'आपल्या रब्बीसारखं' म्हटलं की झालं.

'झ्यूस म्हणजे ग्रीकांचा इंद्र, पोसेइदोन म्हणजे वरुण, हादेस म्हणजे यम' हे कोष्टक कृपा करून छापू नका. पोसेइदोन समुद्राबरोबर भूकंपाचा आणि घोड्यांचा देव आहे, तो वरुणात बसत नाही. हादेस न्यायनिवाडा करत नाही, ते काम मिनोस आणि इतरांकडे आहे. झ्यूसचा खरा नातेवाईक दाखवायचाच असेल तर तो आपला वेदातला 'द्यौस्'; दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. बाकी कंस, रावण, कर्णाची कवचकुंडलं हे सगळं मुलं स्वतःहून काढतात. ट्रॉयच्या युद्धातल्या अखिल्लेउसला फक्त टाचेलाच जखम होऊ शकते ही गोष्ट होमरमध्ये नाही, ती पहिल्या शतकातल्या रोमन कवी स्तातिउसकडे येते; होमरचा अखिल्लेउस हातावर भाला लागून चक्क रक्ताळतो. ट्रॉयचा लाकडी घोडाही होमरच्या इलियड या महाकाव्यात नाही, तरी 'इलियड' नावाच्या बालपुस्तकाच्या कव्हरवर तोच असतो. इलियड ट्रॉयचा राजपुत्र हेक्तोर याच्या अंत्यविधीने संपतं.

आपल्याशी खरा दुवा हवाच असेल तर तो आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसेइदोनची छोटी कांस्यमूर्ती सापडली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची (हा शब्द तेव्हा ग्रीकांसाठी होता) नावं कोरलेली आहेत. पुस्तकात त्या मूर्तीचा फोटो छापा. सध्याच्या चित्रांत रोमन सैनिकांची चिलखतं आणि पांढरेफटक संगमरवरी पुतळे भरलेले असतात; पुतळे मुळात रंगवलेले असत. काळ्या-लाल मडक्यांवरची मूळ ग्रीक चित्रं कितीतरी जिवंत आहेत, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून हक्कमुक्त वस्तूंचे फोटो कोणालाही वापरायला खुले केले आहेत. पैशाचं कारण इथे चालणार नाही.

मागण्या अशा. पुढच्या आवृत्तीपासून नावांचा एकच तक्ता पाळावा. प्रत्येक गोष्टीखाली एक ओळ द्यावी : होमर, ओदिस्सेइआ, नववा सर्ग, किंवा ओविद, किंवा 'आधुनिक भर'. हेसिओद आणि ओविद यांच्यात सातशे वर्षं आहेत, मुलाला ते कळायला हवं. तात्पर्याची चौकट काढावी. वयोगट पुस्तकावर छापण्याऐवजी गोष्टीगणिक छापावा. इथाका, ट्रॉय, देल्फी, मिकेने, क्नोसोस दाखवणारा नकाशा हवा, त्यात आजच्या देशांच्या सीमाही. अनुवादकाचं नाव कव्हरवर आणि त्याला इंग्रजीशिवाय एखादा मूळ ग्रंथ, निदान त्याचं विश्वासू भाषांतर, पाहायला लागेल तेवढा वेळ आणि मोबदला. छपाईला जाण्याआधी प्रत्येक गोष्ट एकदा मुलांपुढे मोठ्याने वाचून पाहावी. जिथे वाचणारा अडखळतो तिथे पेन्सिलीने खूण करावी. जागा कमी पडली तर दहा गोष्टींच्या आठ कराव्यात.

नावांचा तक्ता आम्ही करून द्यायला तयार आहोत, मानधन नको. तयार चित्रं बदलणं महाग पडतं हेही मान्य आहे. तोवर पुनर्मुद्रणात निदान मजकुरातली 'पेटी' खोडून 'रांजण' करा. एक अक्षर जास्त लागेल, तेवढी जागा काळ्या प्लेटवर आहे. चित्रात पेटी का, असं मुलं विचारतील. ते आम्ही सांगू.

आपले,
मुलांना गोष्टी वाचून दाखवणारे काही जण